भिंतीवरच्या टाचा

“ताई, एवढ्या वर कुणाच्या टाचा लागल्यात?” रंगाऱ्याने मधल्या खोलीतून विचारले, तेव्हा मी चटणीसाठी शेंगदाणे भाजत होते. हातातले उलथणे तसेच घेऊन मी बाहेर आले. भाच्याचा साखरपुडा आमच्या घरी व्हायचा होता, पाहुणे येण्याआधी भिंतींवर रंगाचे दोन हात मारून घ्यावेत असे ठरले होते, आणि सगळे सामान खोलीच्या मध्यभागी ओढून त्यावर जुन्या चादरी टाकल्यामुळे ओळखीची खोली परक्यासारखी दिसत होती. रंगारी स्टुलावर उभा राहून पश्चिमेकडच्या भिंतीकडे पाहत होता. जमिनीपासून साडेपाच फुटांपासून सहा फुटांपर्यंत त्या भिंतीवर तपकिरी, किंचित तेलकट डाग होते. काही गडद, काही पुसट, बहुतेक जोडीजोडीने उमटलेले. ते टाचांचे आहेत हे त्याच्या सराईत नजरेने ओळखले होते, पण टाचा तिथवर पोहोचल्या कशा, हे त्याला उमगत नव्हते. मी काही सांगण्याआधीच तो म्हणाला, “तेलकट आहेत. घासून घेतले नाहीत तर रंगातून वर येतात. घासू ना?” मी “घासा की, त्यात विचारायचं काय,” असे म्हणून आत वळले. पाठीमागे पॉलिशपेपरचा खर्र खर्र आवाज बराच वेळ येत राहिला. कढईतले शेंगदाणे करपले होते.

रात्री जेवताना सासूबाईंनी मान वळवून त्या भिंतीकडे पाहिले. लांबी भरून झाली होती आणि ट्यूबलाइटच्या उजेडात भिंत कोऱ्या कागदासारखी दिसत होती. “सगळे घासले?” एवढेच त्यांनी विचारले. मी “हो” म्हणाले. त्यांनी भाकरीचा तुकडा आमटीत बुडवला आणि पुढे काही बोलल्या नाहीत.

त्यांच्या त्या दोन शब्दांनी पुढचे कित्येक दिवस माझी पाठ सोडली नाही.

ते डाग माझे होते. चौदा महिने, पाहुणे आणि आजारपणाचे दिवस सोडले तर जवळजवळ रोज पहाटे, मी त्या भिंतीपुढे हात टेकून पाय वर टाकत आले होते. माझी उंची पाच फूट दोन इंच आहे आणि सर्वांत वरचे डाग सहा फुटांवर होते, म्हणजे माझ्या डोक्यापेक्षा चांगले वीतभर वर. हातांवर उभा राहिलेला माणूस पायांवर उभ्या राहिलेल्या स्वतःपेक्षा उंच असतो, कारण खांद्यापासून मनगटापर्यंतची सगळी लांबी उंचीत मिळते आणि डोके मात्र हातांच्या मधे लोंबकळत राहते. हे गणित साधे आहे, पण ते मला भिंतीनेच दाखवले. सुरुवातीचे डाग साडेपाच फुटांवर होते, कारण तेव्हा खांदे कानांपासून दूर खचत, कंबर बाहेर येई, पाठीची कमान होई आणि टाचा कशाबशा भिंतीला लागत. खांदे जसे वर ढकलता येऊ लागले आणि फासळ्या आत राहू लागल्या, तशा टाचा वर सरकत गेल्या. अर्ध्या फुटाची ती चढण मी कुठल्याही वहीत लिहून ठेवलेली नव्हती. वर्गात हजेरीचा कागद असतो, पण हजेरी म्हणजे प्रगती नव्हे. मी एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात काम करते, नोंद ठेवणे हाच माझा व्यवसाय आहे, आणि स्वतःच्या देहाने केलेली एकुलती एक नोंद मी डाग समजून घासायला सांगितली.

या सगळ्याची सुरुवात खांद्यापासून झाली. पंचेचाळिसाव्या वर्षी माझा उजवा खांदा धरला. पहिल्यांदा पाठीमागे हात नेऊन हूक लावता येईना, मग वेणी घालता येईना, आणि एक दिवस वरच्या फळीवर एक साधा शब्दकोश ठेवताना हात कानापाशीच अडकला व डोळ्यांत पाणी आले. अशा खांद्याला वेळ लागतो, महिनेच्या महिने लागतात, असे डॉक्टरांनी सांगितले होते. शेक, दोरी-कप्पीचे व्यायाम, भिंतीवर बोटांनी चढत जाणे, हे सगळे झाले. भिंतीवर बोटे चालवत रोज एक एक इंच वर जाताना मी पेन्सिलीने खूण करत असे. ती मात्र मी जपून ठेवत असे, याची आता आठवण येते. खांदा मोकळा झाला, पण विश्वास परतला नाही. हात वर नेताना मन आधीच आखडून घेत असे. तेव्हा ग्रंथालयात नेहमी वर्तमानपत्र वाचायला येणारे एक निवृत्त क्रीडाशिक्षक म्हणाले, “पहाटे वर्गाला या. हात वर न्यायला भीती वाटते ना, मग आपण हात खाली ठेवू आणि बाकीचं वर नेऊ.” मला ते त्या वेळी कोडे वाटले होते.

सरांचा वर्ग सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका शाळेच्या सभागृहात भरतो. पहाटे पावणेसहाला तिथे पोहोचायचे, चपला बाहेर, सतरंज्या स्वतः अंथरायच्या. थंडीच्या दिवसांत शहाबादी फरशीचा गारवा सतरंजीतून तळव्यांना लागतो आणि एप्रिल-मे महिन्यांत तीच फरशी पहाटेसुद्धा कोमट असते. तळहाताला घाम सुटतो, बोटे सरकतात, आणि सर सगळ्यांना हात पुसून घ्यायला लावतात. मागच्या गल्लीत अजून काही यंत्रमाग चालतात. त्यांचा खटाखट आवाज सभागृहात सतत येत असतो, इतका की एखाद्या दिवशी वीज गेली आणि माग थांबले की शांततेनेच आमचे लक्ष विचलित होते. सर पद्मशाली, म्हणजे तेलुगू बोलणाऱ्या विणकर समाजातले आहेत. बोलतात आमच्याशी मराठीत, पण मोजतात तेलुगूत. “ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु, ऐदु” या पाच आकड्यांवर मी गेले दीड वर्षाहून जास्त काळ श्वास घेते आहे आणि सोडते आहे. घरी एकटी असतानासुद्धा मनातले आकडे आता तेलुगूतच येतात.

सरांनी पहिले सहा महिने मला भिंतीकडे फिरकू दिले नाही. चार सोलापुरी चादरींची घडी खांद्यांखाली घेऊन सर्वांगासन, कोपरे जमिनीला लावून डॉल्फिनसारखी स्थिती, आणि हात-पाय टेकून कंबर वर उचललेल्या अधोमुख श्वानासनात इतका वेळ, की तळहातांच्या रेषा सतरंजीवर उमटाव्यात. चादरींच्या घड्या घेण्याची ही पद्धत पुण्याच्या बी. के. एस. अय्यंगार यांच्या परंपरेतली. 1918 साली कर्नाटकातल्या बेल्लूरला जन्मलेला आणि लहानपणी मलेरिया, टायफॉइड, क्षय अशा दुखण्यांनी पोखरलेला हा मुलगा 1937 मध्ये पुण्याला योग शिकवायला आला आणि 2014 मध्ये जाईपर्यंत पुण्याचाच राहिला. दुबळ्या शरीरातून वाट काढल्यामुळेच असेल, त्यांनी दोर, विटा, खुर्च्या आणि घडी घातलेली जाड पांघरुणे यांना आसनांच्या मदतीला घेतले. मला त्यांच्याविषयी जी कृतज्ञता वाटते ती या एका गोष्टीसाठी आहे: आधार घेणे म्हणजे कमी पडणे नव्हे, हे त्यांनी साधनांतून दाखवले. आमच्या घरातल्या चादरी सासऱ्यांच्या गिरणीतल्या दिवसांपासूनच्या आहेत. गिरणी गेली, सासरे गेले, चादरींचे रंग उडाले, पण घडी घातल्यावर त्यांचा टणकपणा अजून तसाच आहे. मानेवर भार न येऊ देता खांदे उचलून धरायला त्यांच्याइतके चांगले दुसरे काही मला मिळालेले नाही.

सातव्या महिन्यात सर म्हणाले, “आता भिंत.” अधोमुख वृक्षासन, म्हणजे तोंड खाली केलेले झाड. भिंतीपासून वीतभर अंतरावर हात टेकायचे, तळवे खांद्यांइतके रुंद, मधली बोटे समोर, कोपरे ताठ, नजर दोन हातांच्या मधे. एक पाय वर उचलायचा, दुसऱ्याने हलकी उडी घ्यायची. वाक्यात लिहिले की संपते. प्रत्यक्षात जमिनीवरून शेवटचा अंगठा सुटण्याच्या क्षणी आत कुठेतरी एक हात पुढे येऊन मला मागे ओढत असे. मी उडी घेई आणि पाय अर्ध्यातून परत येत. पोटात खड्डा पडे. पस्तिसाव्या किंवा चाळिसाव्या प्रयत्नाला टाचा धप्पदिशी भिंतीला लागल्या आणि खोली उलटी झाली. सभागृहातला पंखा जमिनीतून उगवल्यासारखा दिसला, कानांत रक्ताचा घुमारा आला, आणि मला जे वाटले त्याला आनंद म्हणता येणार नाही. ते आश्चर्य होते. माझा उजवा खांदा, ज्याने शब्दकोश उचलायला नकार दिला होता, तो मला उचलून उभा होता.

घरी सराव करायचा तर एकच मोकळी भिंत होती, आणि तिच्या पलीकडे आमचा देव्हारा होता. मी पहिल्यांदा पाय वर टाकले त्या सकाळी टाचांचा धक्का भिंतीतून पलीकडे गेला आणि देव्हाऱ्यातली छोटी घंटा किणकिणली. सासूबाई पूजेलाच बसल्या होत्या. त्या बाहेर आल्या, मला त्या अवस्थेत त्यांनी पाहिले, आणि मी खाली उतरेपर्यंत थांबून हळू आवाजात म्हणाल्या, “मागं देव आहेत गं.” त्यांनी आवाज चढवला नाही, म्हणूनच मला जास्त लागले. मला वाद घालता आला असता. पण पाय चुकून लागला तरी हात जोडण्याची सवय माझ्याही अंगात मुरलेली आहे. मग मी त्यांची पूजा आटोपण्याची वाट पाहू लागले, त्या देवळात गेल्या की पाय वर टाकू लागले. तरीही घंटा वाजायचीच. ती इतकी बारीक वाजे की माझ्याशिवाय कोणाला ऐकू गेली नसती, पण प्रत्येक वेळी वर गेल्यावर मला पहिल्यांदा तीच ऐकू येई, आणि शरीर ताठ होण्याऐवजी चोरासारखे आकसे. दोन-अडीच महिने असे गेले.

एका सकाळी घंटा वाजली नाही.

मी उतरले, आत जाऊन पाहिले. देव्हारा त्या भिंतीवर नव्हता. तो स्वयंपाकघराच्या पूर्वेकडच्या कोपऱ्यात गेला होता, खाली नवी फळी ठोकली होती, आणि बाळकृष्ण, अन्नपूर्णा, सिद्धेश्वरांची तसबीर, सगळे आपापल्या जागी बसले होते. सासूबाई तांब्याची पळी घासत होत्या. “तिथं उजेड चांगला येतो सकाळचा,” त्या मान वर न करता म्हणाल्या. पंचेचाळीस वर्षे त्यांनी ज्या कोनाड्यापुढे दिवा लावला, तो कोनाडा त्यांनी रिकामा केला होता, आणि मला आभार मानायला जागाही ठेवली नव्हती. त्यानंतर मी निवांतपणे वर जाऊ लागले. टाचांचे डाग गडद झाले ते त्यानंतरच.

त्यांनी मला आणखी एक गोष्ट दिली. भिंतीला टाचा लावून उभे राहणे जमले तरी भिंत सोडणे जमत नव्हते. सर सांगत, एक पाय भिंतीपासून सोडा, मग दुसरा. पहिला सुटे, दुसरा सुटला की मी पाठीवर पडणार या भीतीने परत चिकटे. सर सांगायचे की उभे राहताना घोटा जे काम करतो, ते आता मनगटाला करायचे आहे. पायावर उभे असताना आपण स्थिर असतो असे आपल्याला वाटते, पण घोटा क्षणोक्षणी पुढेमागे सावरत असतो आणि पायाची बोटे जमीन धरत असतात. हातांवरही तेच: भार बोटांकडे गेला की बोटांची टोके जमिनीत रोवून त्याला परत ढकलायचे. उलट, भार मनगटाकडे गेला तर सावरणे अवघड, कारण मनगटाच्या मागे टेकायला टाच नसते; म्हणून भार नेहमी किंचित बोटांच्या बाजूला ठेवायचा. हे मला डोक्याने कळले होते. हाताला कळत नव्हते. एका संध्याकाळी मी ओट्यापाशी उभी राहून तळवा ओट्यावर दाबून पाहत होते, आणि शेजारी सासूबाई ज्वारीची भाकरी थापत होत्या. त्यांनी माझ्या हाताकडे पाहिले आणि म्हणाल्या, “सगळा तळवा कशाला दाबतेस? भाकरी बोटांनी वाढते. तळव्याने दाबली की चिकटते.” मी त्यांचा हात बघत राहिले. त्यांचे मनगट जवळजवळ हलत नव्हते. उजव्या हाताची बोटे पसरलेली, टोकांनी पीठ पुढे सारणारी, डाव्या हाताची बोटे कडेला धरून भाकरी फिरवणारी. प्रत्येक थापीत कुठल्या बोटावर किती भार द्यायचा हे त्या बोटालाच ठाऊक होते. भाकरीच्या मध्यभागी जाडी राहिली नाही, कड फाटली नाही, आणि त्या बोलत होत्या माझ्याशी. सत्तर वर्षांच्या सरावाने बोटांत जे उतरते ते असे दिसते.

दुसऱ्या दिवशी वर गेल्यावर मी तळवा दाबणे सोडले आणि बोटांच्या टोकांनी जमीन धरली. भिंतीपासून एक टाच सुटली आणि पाचापर्यंत सुटलेलीच राहिली.

पुढे एकदा ग्रंथालयात बसून मी हे आसन जुन्या ग्रंथांत शोधले होते. स्वात्मारामाच्या हठप्रदीपिकेत पंधरा आसने सांगितली आहेत. त्यांत हातांवर सगळा देह तोलणारे मयूरासन आहे, पण हातांवर सरळ उभे राहणे नाही. अय्यंगारांच्या 1966 मध्ये प्रसिद्ध झालेल्या इंग्रजी ग्रंथात ते आहे. या दोन टोकांच्या मधे आखाडे, मल्लखांब आणि रस्त्यावरचे खेळ यांचा मोठा प्रदेश पसरलेला आहे, आणि हातांवर उभे राहणे त्या प्रदेशात शतकानुशतके चालत आले असणार, असे मला मनापासून वाटते. असे म्हणताना माझ्यासमोर येते ती एक मुलगी. मी नऊ-दहा वर्षांची असताना आमच्या पेठेत डोंबाऱ्याचा खेळ आला होता. ढोलकी वाजत होती, आणि माझ्याच वयाची एक मुलगी, फ्रॉक चड्डीत खोचून, हातांवर चालत रिंगणभर फिरत होती. तिचे तळवे धुळीत उमटत होते. फिरत फिरत ती आमच्यापुढे आली, तिचा चेहरा उलटा, लालबुंद, माझ्या गुडघ्यांच्या उंचीवर होता, आणि ती माझ्याकडे पाहत होती. मी हातातले दहा पैसे टाकायला विसरले. त्या संध्याकाळी परसात मी भावाला पाय धरायला सांगून तसे करून पाहिले, तर आज्जीने हाक मारून मला आत घेतले आणि भावाला बाहेरच राहू दिले. आज्जीवर माझा राग नाही. पण इतक्या वर्षांनी भिंतीला टाचा लावून उभी असते तेव्हा कधीकधी त्या मुलीचा चेहरा समोर येतो आणि माझा सराव मला हलका वाटत नाही. मी हे खांद्यासाठी, मनासाठी, हौसेने करते. तिच्यामागे भिंत नव्हती, खाली चादरींची घडी नव्हती, आणि उतरल्यावर तिला ताट घेऊन फिरायचे होते. ती किती वर्षांची होती, कुठे गेली, कुणाला ठाऊक. तिच्या तळव्यांचे ठसे त्याच दिवशी लोकांच्या पायांखाली पुसले गेले.

रंग देऊन झाला. साखरपुडा झाला, घर माणसांनी भरले, रिकामे झाले. त्यानंतर पहिल्या सकाळी मी त्या भिंतीपुढे हात टेकले आणि मला वर जाता आले नाही. उडी घेतली की पाय अर्ध्यातून परत. चौदा महिन्यांपूर्वीचा तोच खड्डा पोटात पडला. मला वाटले, आठवडाभर सराव बुडाला म्हणून असेल. दुसऱ्या दिवशीही तेच. वर असताना नजर दोन हातांच्या मधे असते, मागची भिंत दिसतच नाही, मग भिंतीचा रंग बदलला म्हणून काय फरक पडावा? पण वाकण्याआधी, ताठ उभी असताना, मी रोज एकदा मान वर करून त्या डागांकडे पाहत असे. मला ते ठाऊकही नव्हते. तिथे मी आधी गेलेली आहे, हे ते डाग मला रोज सांगत असत. आता भिंत मला ओळखत नव्हती. आणि सासूबाईंनी विचारलेले “सगळे घासले?” मला तेव्हा उलगडले. ज्या भिंतीसाठी त्यांनी आपले देव हलवले, त्या भिंतीवर त्यांच्या त्यागाचेही काही उमटलेले होते, आणि मी ते पाहुण्यांना दिसू नये म्हणून एका शब्दात पुसायला सांगितले होते. मला स्वतःची लाज वाटली.

सरांना मी सांगितले. त्यांनी ऐकून घेतले आणि इतकेच विचारले, “हात रंगवले का?” मी नाही म्हणाले. “मग हातांना विचारा,” असे म्हणून ते पुढच्या माणसाकडे वळले. पतंजलींनी आसनाविषयी स्थिर आणि सुखकर असे म्हटले आहे हे सगळ्यांना माहीत असते, पण लगेच पुढच्या सूत्रात प्रयत्नाच्या शिथिलतेविषयी सांगितले आहे, ते सर आम्हाला नेहमी ऐकवतात. मी तेच करत नव्हते. मी रोज अधिक जोराने उडी घेत होते.

त्याच दिवसांत गड्ड्याची, म्हणजे सिद्धेश्वरांच्या यात्रेची, चाहूल लागली होती. यात्रेआधी नंदीध्वज, म्हणजे मानाच्या उंच काठ्या, पेलण्याचा सराव चालतो, आणि एका रात्री घरी परतताना गर्दीमुळे आम्हाला रस्त्याच्या कडेला थांबावे लागले. मकरसंक्रांतीच्या दिवसांत पांढऱ्या बाराबंदीतले भक्त सातही नंदीध्वज घेऊन अडुसष्ट लिंगांच्या प्रदक्षिणेला निघतात, ते मी लहानपणापासून पाहत आले आहे. दुरून पाहताना काठी आभाळात स्थिर उभी दिसते. त्या रात्री मात्र मी पेलणाऱ्या तरुणापासून दहा पावलांवर होते. कमरेच्या पट्ट्यात रोवलेली ती काठी क्षणभरही स्थिर नव्हती. ती डावीकडे झुकू लागे आणि त्याचे पाऊल डावीकडे जाई, ती पुढे ओढू लागे आणि तो तिच्या खाली जाई. त्याच्या पोटऱ्या थरथरत होत्या, मानेवर घाम होता, आणि चेहरा शांत होता. तो काठीला अडवत नव्हता, ती जाईल तिच्या खाली स्वतः जात होता. वरचे टोक अंधारात होते. सासूबाईंनी हात जोडले. मी माझ्या बोटांची टोके एकमेकांवर दाबून पाहत होते.

अकराव्या दिवशी मी भिंतीकडे वर पाहिलेच नाही. स्वयंपाकघरातून ज्वारीच्या पिठाचा आणि उदबत्तीचा मिसळलेला वास येत होता, दूर कुठेतरी पाण्याचा टँकर मागे घेताना वाजत होता. मी हात टेकले, बोटे पसरली, खांदे कानांकडे नेले, आणि उडी न घेता नुसता भार पुढे सरकू दिला. डावा पाय जमिनीवरून सुटला तो मी सोडला म्हणून नव्हे, त्याला तिथे काम उरले नव्हते म्हणून. उजवी टाच भिंतीला लागली. डावी लागली नाही. ती भिंतीच्या अलीकडे कुठेतरी हवेत थांबली, बोटांची टोके जमीन धरत-सोडत राहिली, आणि मी मनात मोजू लागले. ओकटि. रेंडु. मूडु. चारावर डोलले, बोटे रोवली, परत आले. पाचावर उतरले.

सासूबाई दारात उभ्या होत्या. केव्हापासून होत्या कोण जाणे. हाताला पीठ लागलेले होते. त्या आत आल्या, चष्मा वर ढकलून नव्या भिंतीजवळ गेल्या आणि मान उंचावून, जणू भिंतीवर काही लिहिलेले वाचत आहेत अशा, बराच वेळ पाहत राहिल्या.

“एकच आहे,” त्या म्हणाल्या, आणि तवा तापला होता म्हणून आत गेल्या.